धातू आपल्या घरी, गाळ कोणाच्या दारी?

स्वच्छ धातू, हरित धातू, पर्यावरणस्नेही उद्योग असे शब्द अलीकडे वर्तमानपत्रांतून आणि जाहिरातींतून वारंवार वाचनात येतात. शब्द चांगले आहेत. परंतु त्यांचा नेमका अर्थ क्वचितच कोणी सांगतो. कारखान्याच्या धुराड्यातून काळा धूर निघाला नाही म्हणजे धातू स्वच्छ झाला, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः प्रश्न केवळ धुराचा नाही. दगडातून धातू वेगळा काढला की मागे काही तरी उरतेच, आणि ते उरलेले कोणाच्या दारी जाते, हा खरा प्रश्न आहे. तो सुज्ञ वाचकांपुढे मांडण्यासाठी बहरीनमधील रिफा या गावाजवळचे उदाहरण मला सोयीचे वाटते. कारण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू येथे एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात.

रिफा हे बहरीनमधील मोठ्या शहरांपैकी एक. येथून आग्नेयेकडे थोडे अंतर गेले की ‘अल्बा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा ॲल्युमिनियमचा प्रचंड कारखाना लागतो. ही कंपनी १९६८ साली स्थापन झाली आणि १९७१ साली तेथे उत्पादन सुरू झाले. त्या वेळी वर्षाला १ लाख २० हजार टन धातू तयार करण्याची त्याची क्षमता होती. पुढे एकामागून एक विस्तार होत गेले. २०१८ च्या डिसेंबरात सहाव्या मालिकेतून पहिला धातू निघाला, आणि अलीकडच्या वर्षांत तेथील उत्पादन वर्षाला १६ लाख टनांच्या वर गेले आहे. चीन वगळता एकाच जागी असलेल्या कारखान्यांत त्याची गणना जगातील सर्वांत मोठ्यांत होते.

यात नवल असे की, ॲल्युमिनियम ज्या बॉक्साइट नावाच्या दगडापासून मिळते, तो दगड बहरीनमध्ये नाही. बहरीनपाशी होता तो नैसर्गिक वायू. ॲल्युमिनियम काढण्यास वीज अतोनात लागते. एका टनास सुमारे १४ हजार युनिटे. वायूवर वीज निर्माण करावयाची आणि त्या विजेवर धातू काढावयाचा, असा हा हिशेब होता. कच्चा माल म्हणून ऑस्ट्रेलियासारख्या दूरच्या देशांतून बोटीने येते ती ॲल्युमिना नावाची पांढरी शुभ्र पूड. ही पूड बॉक्साइटपासून तयार करताना जो तांबडा गाळ उरतो, तो येथे येत नाही. तो तिकडेच राहतो. तयार झालेला धातूही पुष्कळसा येथे राहत नाही. तो परदेशी जातो. मग येथे काय राहते? त्याकडे मी लवकरच वळेन.

धातूचा व्यापार या बेटाला नवा नाही. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी बहरीन दिलमुन या नावाने प्रसिद्ध होते. आजच्या ओमानच्या डोंगरांतून, म्हणजे तत्कालीन मगान देशातून, निघालेले तांबे दिलमुनच्या बाजारातून मेसोपोटेमियातील ऊर नगरापर्यंत जाई. ऊरच्या एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याने हलक्या प्रतीचे तांबे दिले, म्हणून एका गिऱ्हाइकाने त्याच्याविरुद्ध केलेली तक्रार मातीच्या विटेवर लिहिलेली सापडली असून ती विटा लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. गिऱ्हाईक तांब्याच्या प्रतीबद्दल तावातावाने भांडले आहे. परंतु ते तांबे गाळताना मगानच्या डोंगरात जी धातुमळी साचली, तिच्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. ओमानात पुरातन काळच्या धातुमळीचे ढीग आजही उभे आहेत. माल घेणारा प्रतीबद्दल बोलतो, मळीबद्दल बोलत नाही, ही रीत अशी फार जुनी आहे.

ॲल्युमिनियम तयार करण्याची कृती आमच्या शालेय पुस्तकांत असते. क्रायोलाइट नावाच्या क्षाराच्या सुमारे ९५० अंश सेल्सियसच्या रसात ॲल्युमिना विरघळवून त्यातून विजेचा प्रवाह सोडला की धातू तळाशी जमतो. ही युक्ती १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल याने आणि फ्रान्समध्ये पॉल एरू याने, एकमेकांस न ओळखता, शोधून काढली. दोघेही १८६३ साली जन्मले आणि दोघेही १९१४ साली वारले, हे सांगितले की विद्यार्थी कुतूहलाने ऐकतात. समीकरण फळ्यावर मांडले जाते, आकृती काढली जाते, आणि धडा संपतो. ज्या टाकीत हे सर्व घडते त्या टाकीचे पुढे काय होते, हे पुस्तकात नसते आणि परीक्षेतही विचारले जात नाही.

कारखान्यातील लोक त्या टाकीस ‘पॉट’ म्हणतात. पोलादी पेटीस आतून कार्बनच्या ठोकळ्यांचे आणि उष्णतारोधक विटांचे अस्तर लावलेले असते. पाच-सात वर्षे धगधगता रस पोटात साठविल्यानंतर हे अस्तर झिजते, तडकते आणि काढून टाकावे लागते. तोवर त्यात फ्लोराइडचे क्षार मुरलेले असतात आणि सायनाइडही तयार झालेले असते. या अस्तराला पाणी लागले तर ज्वलनशील आणि विषारी वायू सुटतात. ते उघड्यावर पडून राहिले तर पावसाच्या पाण्याबरोबर फ्लोराइड आणि सायनाइड जमिनीत उतरण्याचा धोका असतो. एक टन ॲल्युमिनियममागे असे अस्तर साधारण २० ते २५ किलो निघते. आकडा लहान वाटतो. परंतु १६ लाख टनांशी गुणाकार करून पाहावा. टनामागे २२ किलो धरले तरी वर्षाकाठी ३५ हजार टनांहून अधिक घातक कचरा होतो. येथे काय राहते, या प्रश्नाचे हे उत्तर होय.

जगभर कित्येक दशके हे अस्तर एक तर खड्ड्यांत पुरले गेले, नाही तर गोदामांत साठवून ठेवले गेले. अल्बाने २०२१ साली त्यावर प्रक्रिया करणारा स्वतंत्र प्रकल्प उभारला. त्याची क्षमता वर्षाला सुमारे ३५ हजार टनांची आहे. या प्रकारच्या प्रक्रियेत अस्तर निवडून दळतात, त्यातील स्फोटक गुण घालवितात, सायनाइड नष्ट करतात, आणि उरलेली पूड सिमेंटच्या कारखान्यांना देतात. सिमेंटच्या भट्टीत सुमारे १४५० अंशांची धग असते. तेथे पुडीतील कार्बन इंधन म्हणून जळतो, विटांचा भाग सिमेंटच्या घटकांत मिसळतो आणि फ्लोराइडचा चुन्याशी संयोग होऊन ते बद्ध होते. जे पुरावयाचे होते ते कामास येते. यात चमत्कार काही नाही. साधे रसायनशास्त्र आहे. फरक इतकाच की, कोणी तरी त्यासाठी पैसा खर्च करावयाचे ठरविले.

हे शहाणपण बहरीनमध्ये का सुचले, याचे एक कारण मला भूगोलात दिसते. हे बेट आठशे चौरस किलोमीटरांहूनही लहान आहे. भूगर्भातील गोडे पाणी अतिउपशामुळे खारावत गेले आहे. मोठ्या देशात नको असलेली वस्तू डोंगरापलीकडे टाकता येते. बेटाला परसदार नसते. टाकलेली वस्तू फिरून आपल्याच नजरेसमोर येते. पृथ्वी हेही अखेर एक बेटच आहे, परंतु ती मोठी असल्यामुळे तिचे बेटपण आपल्या लक्षात येत नाही.

तथापि केवळ स्तुती करून थांबणे शिक्षकाला शोभणार नाही. अस्तराचा प्रश्न हाताळला गेला म्हणजे कारखाना निर्दोष झाला असे नव्हे. ज्या कार्बनच्या दांड्यांतून वीज सोडतात त्या झिजत जातात आणि त्यांचा कार्बन डायऑक्साइड होतो; एका टन धातूमागे केवळ पॉटमधूनच तो सुमारे दीड टन निघतो. वायूवर वीज करताना निघतो तो निराळा. या वायूला ठेवावयास कोणाचे परसदार पुरत नाही. तो सर्वांच्याच डोक्यावर राहतो. न झिजणाऱ्या दांड्या तयार करून कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायू बाहेर पडेल अशी पद्धत बसविण्याचा यत्न कॅनडात चालू आहे. त्यासाठी अल्कोआ आणि रिओ टिंटो या दोन कंपन्यांनी २०१८ साली ‘एलिसिस’ नावाची संयुक्त कंपनी काढली. ती पद्धत सर्वत्र रूढ व्हावयास काळ लागेल. तोवर ‘स्वच्छ’ हा शब्द जपून वापरलेला बरा.

आता त्या तांबड्या गाळाकडे वळू, जो बहरीनला दिसत नाही. तो पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर तो प्रश्न उभा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या तालुक्यांतील सड्यांवर बॉक्साइट आहे. रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीच्या बाजूसही आहे. सडा म्हणजे निरुपयोगी कातळ असे शहरातील माणसास वाटते. पण हाच जांभा पावसाचे पाणी पितो आणि उन्हाळ्यात खालच्या गावांच्या झऱ्यांना पुरवितो. कोल्हापूरकडील बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जात आले आहे. इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने उभारलेला हा कारखाना आज हिंदाल्कोच्या मालकीचा आहे. तेथे कॉस्टिक सोड्यात बॉक्साइट शिजवून ॲल्युमिना काढतात. ही पद्धत ऑस्ट्रियाचा रसायनज्ञ कार्ल बायर याने १८८० नंतरच्या दशकात शोधली, आणि आजही तीच प्रचारात आहे. एक टन ॲल्युमिनामागे एक ते दीड टन तांबडा गाळ उरतो. एक टन धातूला दोन टन ॲल्युमिना लागते. म्हणजे धातूच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने गाळ झाला.

हा गाळ सोड्यामुळे कमालीचा दाहक असतो. तळी बांधून त्यांत तो साठवीत राहावयाचा, अशी जुनी रीत. ती किती धोक्याची आहे हे ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीतील आयका या गावाजवळ दिसले. तळ्याचा बांध फुटला, तांबडा लोंढा गावांत शिरला आणि दहा माणसे प्राणास मुकली. भारतातही झारखंडमधील मुरी येथे एप्रिल २०१९ मध्ये साठविलेला गाळ ढासळून शेतांवर व लोहमार्गावर पसरला होता.

या गाळाचे काय करता येईल? तळ्यात सोडण्याऐवजी दाबयंत्रात पिळून त्यातील सोडा परत मिळवावयाचा आणि गाळ कोरडा करून रचावयाचा, ही पहिली सुधारणा. त्यात लोह पुष्कळ असल्याने सिमेंट तयार करताना तो वापरावयाचा, ही दुसरी. २०२१ साली हिंदाल्कोने अल्ट्राटेक या सिमेंट कंपनीला वर्षाला १२ लाख टन तांबडा गाळ देण्याचा करार जाहीर केला. दोन्ही कंपन्या एकाच उद्योगसमूहातील आहेत हे ध्यानात घेतले तरी गोष्ट महत्त्वाची आहे. कारण कालपर्यंत जो कचरा होता तो त्या दिवसापासून माल झाला. गाळातील लोह, टायटॅनियम आणि स्कँडियमसारखे दुर्मीळ धातू काढण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत. ॲल्युमिनियमच्या संशोधनासाठी १९८९ साली स्थापन झालेली जवाहरलाल नेहरूंच्या नावाची संस्था आपल्या नागपूरजवळ वाडी येथे आहे, आणि तांबडा गाळ हा तिच्या अभ्यासाचा एक विषय आहे. होतकरू मराठी विद्यार्थ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

उरलेल्या वस्तूला माल करण्याची ही कल्पना आपल्या लोकांना परकी वाटू नये. कोकणात आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. तेल काढल्यावर घाण्यात पेंड उरे. ती गुरांच्या पुढ्यात जाई, शेतात जाई. पेंडीला भाव होता, म्हणून ती कोणी ओहोळात टाकली नाही. तेलाचा हिशेब पेंडीसकट होत असे. धातूचा हिशेब मात्र आपण गाळ वगळून करीत आलो आहोत.

हा हिशेब मोठ्या कारखान्यांनी सुधारला तर अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम लहान भट्ट्यांचे आहे, आणि तेच अधिक अवघड आहे. दगडाऐवजी जुन्या वस्तूंतून धातू परत मिळविणे ही तर मुळात अत्यंत हितकारक गोष्ट. जुन्या ॲल्युमिनियमपासून नवे करण्यास दगडापासून काढण्याच्या मानाने केवळ पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा लागते. म्हणून आपण ‘जर्मन’चे चेपलेले पातेले मोडीत देतो, तेव्हा नकळत देशाचे भलेच करीत असतो. सोन्याचांदीच्या बाबतीत तर ही विद्या महाराष्ट्रात परंपरेने चालत आलेली आहे. सोनारांच्या दुकानांतील केर आणि भट्टीची राख धुऊन त्यातील सोन्याचे कण वेचणारे झारेकरी जुन्या पिढीतील लोकांस आठवत असतील. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातील असंख्य कुटुंबे गलाईच्या धंद्यानिमित्त भारतभर पसरली. जुने दागिने गाळून त्यांतील सोने शुद्ध करण्यात या माणसांचा हात धरणारे थोडेच. कोरडवाहू शेती सोडून, परप्रांतात जाऊन, परभाषा शिकून त्यांनी जो जम बसविला तो कौतुकास पात्र आहे.

परंतु गलाईचे काम कसे चालते तेही पाहिले पाहिजे. अशुद्ध सोन्यात आधी मुद्दाम चांदी मिसळतात आणि मग ते नायट्रिक आम्लात, म्हणजे बाजारच्या भाषेत तेजाबात, टाकून तापवितात. चांदी आणि इतर धातू विरघळतात, सोने तळाशी राहते. या वेळी जो तपकिरी धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइडचा. तो फुप्फुसांना बाधतो, आणि त्याचा परिणाम कित्येकदा काही तासांनंतर दिसतो. म्हणून माणूस गाफील राहतो. पुढे त्या द्रावात तांब्याचा पत्रा घातला की चांदी खाली बसते आणि तांब्याचे निळे पाणी उरते. जेथे सोय नाही तेथे धूर गल्लीत जातो आणि निळे पाणी गटारात. दागिना मिरविणाऱ्यास यातले काहीच दिसत नाही. जो भट्टीपुढे बसतो त्याची छाती मात्र हे सर्व सोसते.

यावर उपाय नाही असे नाही. झाकलेल्या भांड्यात काम करून धूर कॉस्टिक सोड्याच्या फवाऱ्यातून नेला की त्याचा बराच भाग तेथेच अडतो. निळ्या पाण्यात लोखंडाचा चुरा टाकला की तांबे परत मिळते; मग उरलेले पाणी चुन्याने निवळावे, आणि तळाशी बसेल तो गाळ गटारात न सोडता घातक कचऱ्यासाठी नेमलेल्या ठिकाणी पोचवावा. दहावीच्या विद्यार्थ्यास समजेल असे हे रसायनशास्त्र आहे. अडचण ज्ञानाची नाही; दहा बाय दहाच्या खोलीत भाड्याने भट्टी लावणाऱ्या माणसाला हे यंत्र परवडत नाही, ही आहे.

आता या जुन्या धंद्याला नवी शाखा फुटली आहे, ती विद्युत-उपकरणांच्या कचऱ्याची. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२२ साली जगात असा ६ कोटी २० लाख टन कचरा झाला आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन प्रक्रिया झालेला भाग अवघा २२.३ टक्के होता. सोन्याच्या खाणीत एक टन दगडातून काही ग्रॅम सोने मिळाले तरी ती चांगली खाण समजतात. मोबाइल फोनमधील जडणपट्ट्यांत मात्र टनामागे शंभर ग्रॅमहून अधिक सोने असू शकते. म्हणजे ही शहरातील खाणच झाली. परंतु ही खाण खणणारी माणसे दिल्लीच्या सीलमपुरात आणि मुरादाबादेत तारा उघड्यावर जाळून तांबे काढताना आणि उघड्या हातांनी तेजाबाच्या टोपल्यांत पट्ट्या बुडविताना आढळली आहेत, त्यांत बायका आणि मुलेही आहेत. हा मार्ग धातू परत मिळवितो. पण त्यास स्वच्छ म्हणणे म्हणजे शब्दाचा अपमान होय.

कोणी म्हणेल की, विज्ञान याहून सौम्य मार्ग काढील. जीवाणूंच्या साहाय्याने हलक्या प्रतीच्या दगडातून तांबे काढण्याची पद्धत खरोखरच व्यवहारात आलेली आहे; लोह आणि गंधक यांवर जगणारे हे सूक्ष्म जीव धातू विरघळवून देतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या विषयावर काम झाले आहे. भट्टी नाही, धूर नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. परंतु ती सावकाश चालते आणि मागे आम्लयुक्त पाणी ठेवते. ते अडविले नाही तर नदीत जाते. तात्पर्य, कोणतीही पद्धत केवळ नावाने पवित्र होत नाही. उरते काय आणि ते कोण सांभाळतो, हे दोन प्रश्न तिलाही विचारले पाहिजेत.

या सर्वांवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून जाणे योग्य नव्हे. स्वच्छ पद्धत महाग असते. तिची सक्ती केली की मोठे कारखाने टिकतात आणि लहान माणूस देशोधडीस लागतो. हा आक्षेप खोटा नाही. छापा घालून भट्टी बंद केली की ती दुसऱ्या गल्लीत, अधिक अंधाऱ्या खोलीत सुरू होते, हा अनुभव आहे. परंतु लहान माणसाच्या पोटासाठी त्याची छाती गहाण ठेवावी, हा युक्तिवाद मला पटत नाही. बहुधा तो करणारा स्वतः त्या भट्टीपुढे बसणारा नसतो.

मला दिसतो तो मधला मार्ग असा. या धंद्यातील प्रत्येक काम घातक नसते. भंगार गोळा करणे, निवडणे, सोडविणे, पारखणे ही कामे हातांची आणि डोळ्यांची आहेत, आणि त्यांत लहान माणूस मोठ्या यंत्राहून सरस ठरतो. घातक आहे तो फक्त आम्लाचा आणि आगीचा टप्पा. तेवढा टप्पा प्रत्येक खोलीतून काढून एका सामाईक जागी न्यावा. आपल्या औद्योगिक वसाहतींत अनेक लहान कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करण्याची केंद्रे आहेतच. त्यांतील काहींचा कारभार समाधानकारक नाही हे खरे, परंतु कल्पना चुकीची ठरत नाही. गलाईवाल्यांची सहकारी संस्था असावी, तिच्याकडे धूर धुण्याची आणि पाणी निवळण्याची यंत्रे असावीत, आपला माल आपल्या देखत गाळून घेण्याची सोय असावी. सोन्याच्या धंद्यात विश्वास हाच पाया असल्याने ही शेवटची अट अगत्याची आहे. साखर आणि दूध सहकाराने सांभाळणाऱ्या महाराष्ट्राला हे अशक्य वाटू नये.

खर्च कोणी द्यावा? माझ्या मते धातू वापरणाऱ्याने. भारत सरकारचे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेले विद्युत-कचऱ्याचे नियम उपकरणे तयार करणाऱ्यांवर त्यांच्या जुन्या मालाच्या पुनःप्रक्रियेची जबाबदारी टाकतात. हे तत्त्व योग्य आहे. अर्थात तयार करणारा तो खर्च किमतीत मिळवील आणि तो अखेरीस आपल्या खिशातून जाईल. जाऊ द्यावा. आजवर आपल्याला धातू स्वस्त मिळाला, कारण किमतीचा एक भाग आटपाडीचा कारागीर, सीलमपूरची बाई आणि राधानगरीचा झरा भरीत होता. ते देणे आपले होते.

वाचकांनी स्वतः काय करावे, हेही सांगणे प्राप्त आहे. बंद पडलेला फोन, जुनी बॅटरी, मोडका संगणक विकताना जो चार पैसे जास्त देतो त्याच्या हाती न देता, ज्याची नोंदणी आहे अशा केंद्राकडे द्यावा. जास्तीचे ते चार पैसे कोठून येतात, हे वर सांगितलेच आहे. ज्यांची मुले आखातात, इस्रायलात किंवा भारतात कारखान्यांतून नोकरीस आहेत, त्यांनी पगाराबरोबर हेही विचारावे की, तुमच्या येथे उरते काय आणि ते कोठे जाते. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती अशी की, ॲल्युमिनियमचा धडा शिकविताना समीकरण फळ्यावर मांडून झाले की खडू लगेच खाली ठेवू नये. त्याच फळ्यावर आणखी दोन आकडे लिहावेत: एक तांबड्या गाळाचा आणि एक अस्तराचा. मुले हिशेबास पक्की असतात. पुढचा प्रश्न ती आपणहून विचारतील.